नांदेडला गेल्यावर कुठं जेवायचं?

बिलोलीच्या माणसाला बाहेर जेवायचं म्हटलं की आधी रस्ता निवडावा लागतो. येसगीच्या पुलावरून मांजरा ओलांडली की तेलंगणातलं सालूरा लागतं आणि थोड्या वेळात बोधन. तिथल्या हॉटेलात सकाळी इडली-वडा आणि दुपारी भाताच्या ढिगावर पप्पू म्हणजे डाळ, सांबार, झणझणीत लोणचं. कुंडलवाडीच्या अंगानं गेलं तर धर्माबाद, म्हणजे मिरचीची मोठी बाजारपेठ. हंगामात तिथं नुसता चहा प्यायला थांबलं तरी ठसका लागतो. देगलूरकडं वळलं की कर्नाटक जवळ येतं आणि कडक भाकरी-शेंगाचटणीची लिंगायत खानावळ भेटते. आणि नरसी-नायगाव करत निघालं की पाऊणशे किलोमीटरच्या आसपास नांदेड. कोर्ट, दवाखाना, कॉलेजातला प्रवेश, लग्नाचा बस्ता ही कामं बहुतेक तिकडचीच निघतात. त्यामुळं बाहेरचं जेवणही बहुतेक नांदेडलाच होतं.

एवढ्या चवी एका तालुक्याच्या वाटेवर कशा आल्या, त्याचं उत्तर इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बिलोली, बोधन, बिदर, नांदेड हे सगळं हैदराबाद संस्थानात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आदिलाबादकडं गेला, बिचकुंदा आणि जुक्कल निजामाबादकडं गेले, किनवट मात्र आदिलाबादमधून नांदेडला आलं. सरकारी कागदांवर रेघ पडली, पण सोयरिकी तशाच चालू राहिल्या. बोधनची लेक बिलोलीत नांदायला येते ती चिंचेच्या भाताची फोडणी घेऊन येते. बिलोलीची लेक तिकडं गेली की ज्वारीची भाकरी थापायची सवय सोडत नाही. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दोस्तांत दखनी बोलणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत. तीन भाषांत बोलणाऱ्या माणसाच्या जिभेला तीन चवींचं वावडं असेल तरी कसं?

अंबाडीचंच घ्या. मराठवाड्यात अंबाडीचा पाला उकडून, आंबटपणा उतरवण्यापुरतं पाणी पिळून, ज्वारीच्या कण्या किंवा तूरडाळ घालून घोटतात. वाढताना वर शेंगदाण्याच्या तेलात लाल केलेला लसूण ओततात. तेल गरम असेल तर भाजीवर पडताना चर्र आवाज येतो, आणि लसणाची पाकळी दाताखाली येते तेव्हा आधी कुरकुरीत, मग गोडसर लागते. मांजरेच्या पलीकडं हाच पाला पुंटिकूर म्हणून शिजतो, डाळीत पडतो, मिरचीबरोबर वाटून चटणीत जातो. नदीच्या दोन्ही काठांवर तो एकाच पद्धतीच्या आठवडी बाजारात, एकसारख्या जुड्या बांधून विकला जातो. हॉटेलाच्या पाटीवर मात्र तो क्वचितच दिसतो. ह्या मुद्द्याकडं पुढं यावंच लागेल.

नांदेडला पोचल्यावर पहिला सल्ला कोणीही देतो तो लंगरचा, आणि तो सल्ला बरोबर आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये ह्याच गावी, गोदावरीकाठी, ज्योती ज्योत समावले. पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ ह्या काळात तख्त सचखंड हजूर साहिब ह्या गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू बांधवून घेतली. निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या काळात रणजितसिंहांनी फौज पाठवली, तिच्यातली काही माणसं इथंच राहिली, आणि त्यांच्या वंशजांना आज दखनी शीख म्हणतात. ते घरात पंजाबी, वाड्यावस्तीत मराठी आणि चौकात दखनी बोलतात. संत बाबा निधानसिंगांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू केलेला लंगर साहिब आजही चालू आहे, आणि जिल्ह्यातल्या कित्येक घरांना नांदेडात भूक लागली की तोच आधी आठवतो.

तिथं बसण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. डोक्यावर रुमाल, पायात काही नाही, सतरंजीच्या पट्टीवर मांडी घालून रांगेत बसायचं. समोर स्टीलचं खाचांचं ताट येतं. सेवेकरी बादली घेऊन वाकत वाकत पुढं सरकतात. दाल पळीनं पडते, भाजी पडते, कधी खीर. रोटी मात्र ताटात टाकत नाहीत. दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं करायची, मग रोटी हातात ठेवली जाते. तिला परशादा म्हणतात. पहिल्यांदा आलेला माणूस एका हातानं घ्यायला जातो, तेव्हा शेजारचा एखादा म्हातारा हळूच त्याचा दुसरा हात वर उचलून देतो. कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, आडनाव तर नाहीच. अमृतसरहून आलेला व्यापारी, बिलोलीचा सालगडी आणि विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात आईला भरती करून आलेला पोरगा एकाच पट्टीवर बसतात. जेवण झालं की ताट आपणच उचलून द्यायचं, आणि वाटलं तर भांडी घासायला बसायचं.

ही गोष्ट चवीपेक्षा मोठी का आहे, ते मराठवाड्याच्या खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्या गावांत हॉटेलातला दलितांचा कप वेगळा, खुंटीला टांगलेला असे, त्या गावांची पिढी अजून हयात आहे. बाबा आढावांना १९७० च्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम महाराष्ट्रभर चालवावी लागली, यावरून पाण्याची आणि चहाची काय गत होती ते कळतं. बाहेर जेवायची जागा म्हणजे अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायची जागा. ज्या शहरात अशा जागा भरपूर, ते शहर जेवायला चांगलं. नांदेडकडं बघताना हा लेख हीच फूटपट्टी वापरतो.

लंगर नांदेडच्या हद्दीत संपतही नाही. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसच्या वाटेवर काही स्थानकांत सेवेकरी बादल्या घेऊन डब्यांपाशी उभे असतात आणि गाडी थांबेल तेवढ्या वेळात प्रवाशांना वाढतात. नेहमीचे प्रवासी त्यासाठी घरून ताटली-डबा घेऊनच बसतात.

आता देगलूर नाका. शहराचा हा भाग सकाळी लवकर जागा होतो आणि रात्री उशिरा झोपतो. इथं खिचडी-खट्टा मिळतो, आणि तो खाल्ल्याशिवाय नांदेड खाल्लं असं म्हणू नये. मसुराची पिवळसर, मोकळी खिचडी. तिच्यावर खट्टा, म्हणजे चिंचेच्या कोळात भाजलेले तीळ आणि शेंगदाणे वाटून, कांदा-कोथिंबीर घालून केलेलं पातळ कालवण. बाजूला कीमा, नाहीतर ऑमलेट, आणि एक पापड. खट्टा गार असतो, खिचडी वाफाळती. दोन्ही एकत्र कालवून पहिला घास घेतला की आधी चिंच लागते, मग तिळाचा स्निग्धपणा, शेवटी हिरवी मिरची. मजुरीला निघालेले गवंडी, हमाल, रिक्षावाले, शाळेचे मास्तर सगळे हाच नाष्टा करतात. हैदराबादेतही तोच करतात. हैदराबादचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी नांदेडची सकाळ अजून त्याच ताटातून उगवते.

दुपारी बिर्याणी. कच्च्या गोश्ताची खरी बिर्याणी म्हणजे दही-मसाल्यात मुरवलेलं कच्चं मटण तळाला, त्यावर अर्धवट शिजवलेला तांदूळ, झाकणाला कणकेची सील आणि खाली-वर निखारे. मटण आणि भात एकाच वेळी शिजून तयार व्हावेत यासाठी तांदूळ किती कच्चा उतरवायचा, हे बावर्च्याच्या हातात असतं. घड्याळ लावून ते जमत नाही. बरोबर मिर्ची का सालन. पण मराठवाड्यातल्या मुस्लिम लग्नांत मान असतो तो दालच्याचा. डाळ, दुधी आणि मटणाचं हे आंबटसर कालवण पांढऱ्या भातावर वाढतात, आणि त्यासाठी हिंदू शेजारीही पत्रिका जपून ठेवतात. गोडाला डबल का मीठा, म्हणजे तुपात तळून पाकात-दुधात मुरवलेला पाव, किंवा जर्दाळूचं कुबानी का मीठा. रमजानमध्ये हलीमच्या हंड्या लागतात. गहू आणि मटण तासन्‌तास घोटून एकजीव केलेला हा पदार्थ घ्यायला शहरातल्या दूरच्या वस्त्यांतले लोक डबे घेऊन येतात.

आणि चहा. इराणी चहाचा काढा एका भांड्यात मंद आचेवर, आटवलेलं दूध दुसऱ्या भांड्यात. कपात आधी काढा, वरून दूध. सोबत उस्मानिया बिस्कीट, ज्याला शेवटच्या निजामाचं, मीर उस्मान अली खानचं नाव चिकटलेलं आहे. गोडात किंचित खारट असं ते बिस्कीट चहात बुडवल्यावर लगेच विरघळतं, म्हणून गप्पांत रंगलेल्या माणसाचं निम्मं बिस्कीट कपातच राहतं.

लंगरच्या सतरंजीपासून देगलूर नाक्याच्या बाकड्यापर्यंतचं अंतर रिक्षानं काही मिनिटांचं आहे. इतक्या जवळ इतकी वेगवेगळी ताटं मांडलेलं शहर महाराष्ट्रात सहज सापडायचं नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळा महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, आणि तेवढ्या वस्तीत पंजाब, हैदराबाद, तेलंगणा, कर्नाटक आणि देशावरचा मराठवाडा एकत्र राहतो.

अशीच गोष्ट फार मोठ्या मापात घडलेली पाहायची तर ब्राझीलमधल्या साओ पावलोकडं बघावं. २०२२ च्या जनगणनेत ह्या एका शहराची वस्ती १ कोटी १४ लाखांवर गेली. तिथल्या ताटांचाही उगम राजकारणात आणि मजुरीत आहे. ब्राझीलनं १८८८ मध्ये गुलामगिरी रद्द केली, कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि जहाजं भरभरून इटालियन आले. १८ जून १९०८ रोजी ‘कासातो मारू’ हे जहाज ७८१ जपानी माणसांना घेऊन सांतोस बंदराला लागलं. मग सीरिया-लेबनॉनचे फेरीवाले आले, कोरियन आले, बोलिव्हियाचे शिलाई कामगार आले, आणि ब्राझीलच्याच दुष्काळी ईशान्येकडून लाखो लोक पोटासाठी ह्या शहरात उतरले. आज तिथं इटालियन जेवायला बिशिगा, जपानी जेवायला लिबर्दादे, कोरियन जेवायला बोम रेतिरो, आणि रविवारी बोलिव्हियन लोकांच्या कांतुता बाजारात त्यांची रसाळ सारणाची सालतेन्या. ईशान्येचं जेवण हवं तर शहराच्या कडेच्या विला मेदेइरोस वस्तीत ‘मोकोतो’ हे १९७० च्या दशकात एका स्थलांतरिताच्या साध्या दुकानातून वाढलेलं खाद्यगृह आहे. मध्यमवर्गीय भागातली माणसं आता मुद्दाम एवढ्या लांब जाऊन तिथं रांग लावतात. स्थलांतरिताचं गावाकडचं जेवण मोठ्या शहरानं मान देऊन खाणं, ही घटना नांदेडकरांनी नीट लक्षात घ्यावी अशी आहे.

साओ पावलोच्या रस्त्यावरच्या भाजीबाजारात आणखी एक जोडी असते: पातळ पारीचा, चीज किंवा खिमा भरून तळलेला पास्तेल आणि त्याबरोबर उसाचा रस. मराठवाड्यातल्या रसवंतीवर उभ्या माणसाला ते चित्र सांगून कळेल. लातूर-नांदेडच्या वाटेवर उन्हाळ्यात चरकाचे घुंगरू वाजत असतात, रसात लिंबू आणि आलं पडतं. पलीकडं बोधनला निजामानं साखर कारखाना उभारला १९३७ मध्ये, आणि मांजरेच्या अलीकडची माणसंही त्या कारखान्याशी जोडली गेली होती. ऊस इथं जुना आहे. त्याला चांगल्या तळणाची जोड द्यायला कोणी हरकत घेणार नाही.

तिथला कामगार दुपारी जे जेवतो ते तर इथल्या माणसाला घरचंच वाटेल: भात, घेवड्याचं दाट कालवण, थोडं मांस किंवा अंडं. साओ पावलो राज्यानं २००० च्या अखेरीस ‘बोम प्रातो’ नावाची सरकारी भोजनालयं सुरू केली आणि दुपारचं जेवण एका रियालला दिलं. महाराष्ट्रानं २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली: दोन चपात्या, भाजी, भात, वरण, दहा रुपयांत. टाळेबंदीच्या काळात ती आधी पाच रुपयांना आणि पुढं काही काळ फुकट दिली गेली. तालुक्याच्या गावी तहसीलच्या कामाला आलेल्या माणसाला अशी थाळी म्हणजे किती मोठा आधार असतो, हे त्या रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ह्या केंद्रांची बिलं वेळेवर निघाली पाहिजेत आणि थाळीतलं वरण पातळ होता कामा नये. सरकार कोणाचंही असो, ही मागणी सोडून देण्यासारखी नाही.

नांदेड आणि लातूरमध्ये बाहेर जेवणारा एक फार मोठा वर्ग मात्र ना यात्रेकरूंचा, ना शौकिनांचा. तो आहे नीट-जेईईच्या शिकवणीसाठी आलेल्या पोरापोरींचा. ‘लातूर पॅटर्न’ गाजला तसं लातूरच्या गल्ल्यांतून मेस उभ्या राहिल्या, आणि नांदेडात भाग्यनगर, श्रीनगर, आयटीआयच्या परिसरातही तेच झालं. सतरा वर्षांचं पोर महिन्याचे पैसे आगाऊ भरतं आणि दोन वेळा तीच सोयाबीनची नाहीतर बटाट्याची भाजी खातं. अनेक मेस विधवा किंवा परित्यक्ता बायकांनी चालवलेल्या असतात. पहाटे चारला कणीक तिंबणाऱ्या ह्या बायकांवर शहराचा निकाल उभा आहे, पण गुणवत्ता यादीच्या फलकांवर त्यांचं नाव कधी येत नाही.

आता बायकांच्या जेवणाचं बोलायला हवं. नरसीपासून देगलूरपर्यंत कुठल्याही हॉटेलात शिरा, एका कोपऱ्यात पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असते. ती असणं म्हणजे बाहेरचा हॉल पुरुषांचा, हे मान्य केलेलंच. दवाखान्याच्या कामानं एकटी आलेली बाई त्या हॉलमध्ये बसून चहा मागत नाही. ती सोबत आणलेली भाकरी-ठेचा व्हरांड्यातल्या पायरीवर पाठ करून खाते, पाण्याची बाटली पदराखाली ठेवते. तिला निर्धास्त बसता येईल अशी जागा नांदेडात कोणती, असं विचारलं तर उत्तर पुन्हा लंगरच येतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या रीतीनं जी सोय केली ती आजच्या हॉटेलांना करता येऊ नये, याला काही कारण नाही. पडदा काढावा, गल्ल्यावर एक बाई बसवावी, स्वच्छ संडास द्यावा. खर्च फार नाही. पुण्या-मुंबईत जे सहज झालं ते नांदेडला अवघड का असावं?

आणि आता ती अंबाडी. नांदेडच्या मोठ्या हॉटेलांच्या कार्डावर पनीरच्या दहा भाज्या सापडतात. पंजाबी ढाब्यावर तंदुरी रोटी आहे, चायनीजच्या गाड्या आहेत, बिर्याणी कोपऱ्या-कोपऱ्यावर आहे. ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाचटणी, धपाटे, पाण्यात भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला, वेळ अमावस्येची भज्जी आणि आंबील शोधायला मात्र पाहुण्याला वणवण करावी लागते. बाहेरून आलेल्यांचं जेवण ह्या शहरानं मनापासून आपलंसं केलं, हे फार चांगलं केलं. पण स्वतःच्या जिल्ह्याचं जेवण पाटीवर लिहायला ते अजून लाजतं. हे आपलं घरचं, ह्याला कोण पैसे देणार, अशी समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे. कोल्हापूरनं तांबडा-पांढरा रस्सा पैसे घेऊन विकला आणि मानही मिळवला. सोलापूरच्या शेंगाचटणीचे पुडे दूरच्या शहरांतल्या दुकानांत दिसतात. धर्माबादची मिरची, बिलोलीची ज्वारी आणि दोन्ही काठांची अंबाडी एका ताटात वाढणारी खानावळ नांदेड स्टेशनसमोर निघाली, तर अमृतसरहून येणारा यात्रेकरू तिथं नक्की बसेल. पंजाबच्या माणसाला पालेभाजी आणि भाकरीची थोरवी पटवून द्यावी लागत नाही. त्याच्या घरी सरसों का साग आणि मक्के दी रोटी असते. बचतगटांच्या बायका हे ताट उद्या सकाळी लावू शकतात. महापालिकेनं फक्त त्यांना हिंगोली गेट ते गुरुद्वारा ह्या वाटेवर एक गाळा द्यावा.

तोवर नांदेडला येणाऱ्यांनी एवढं करावं. दर्शन झालं की लंगरला बसा, आणि उठताना ताटं घासायच्या जागी थोडा वेळ थांबा. एखादी रात्र मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी देगलूर नाक्याला रिक्षा करा आणि खिचडी-खट्टा मागा. जेवणाची वेळ होईपर्यंत वाट पाहू नका. तो नाष्ट्याचा पदार्थ आहे, उशिरा येणाऱ्याला मिळत नाही.